पितळी तारांच्या बाई

"ही नखं कुणी कापली?"

बाई माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या ते हे. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. माझा डावा हात मनगटाशी धरून उजेडाकडे वळवला आणि फौजदारानं चोराला विचारावं तसं विचारलं.

"मीच. काल," मी म्हटलं.

"अरेरे," बाई म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

त्या दिवशी दोह्याच्या वेस्ट बेमधल्या ऑफिसातून मी लवकर सुटले होते, म्हणून लेकीला शाळेतून आणायला स्वतः गेले होते. बाई त्या शाळेच्या लायब्ररियन. आयरिश, साठीच्या आसपासच्या, उंच, आणि केस असे की आत्ताच वाळूच्या वादळातून आल्यात. आठवड्याच्या शेवटच्या तासाला त्या लहान मुलांना गोष्टी सांगत आणि गोष्टीच्या अध्येमध्ये हार्प वाजवत. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी आपली कॉरिडॉरमधून चालले होते, आणि लायब्ररीच्या अर्धवट दारातून आवाज आला.

कसा सांगू तो आवाज! देवळातली घंटा वाजून गेल्यावर मागे जे घुमारे राहतात ना, ते कुणी एकेक करून वेचावेत आणि ओळीनं मांडावेत, तसा. आणि त्याच्या पोटात तंबोऱ्याच्या जवारीसारखी बारीक झिंग. मी मिरजेची. तंतुवाद्यं बनवणाऱ्यांच्या गल्लीच्या तोंडाशीच आमचं घर. तो आवाज दोह्यात, शाळेच्या एसी कॉरिडॉरमध्ये कानावर पडल्यावर माझे पाय तिथंच थांबले. मुलं घरी गेली, माझी लेक बॅग घेऊन समोर उभी राहिली, तरी मी दारातच. मग बाई उठून आल्या आणि माझा हात धरला.

हार्प म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर पांढऱ्या झग्यातली परी आणि माणसापेक्षा उंच सोनेरी कमान यायची. ही तशी नव्हतीच. मांडीपाशी टेकवून डाव्या खांद्यावर रेलून धरायची, काळपट लाकडाची, बुटकी, दणकट. तिचं पोट विलो झाडाच्या अख्ख्या ओंडक्यातून कोरून काढलेलं. तारा पितळेच्या. आणि वाजवायची ती बोटाच्या पेरानं नव्हे, नखानं. शेकडो वर्षं आयर्लंडातल्या सरदारांच्या घरी अशीच हार्प वाजत होती. पुढे सरदार गेले, त्यांच्यामागे वादकही गेले. शेवटचे म्हातारे वादक वारले तेव्हा त्यांच्या हातची विद्या उचलायला जवळपास कुणी उरलं नव्हतं. मागे राहिल्या संग्रहालयातल्या थोड्या जुन्या हार्प, आणि कुणी कुणी त्या म्हाताऱ्यांसमोर बसून घाईघाईनं लिहून घेतलेल्या धुना. आज जे थोडे लोक ही हार्प वाजवतात, त्यांनी ती विद्या चिंध्या जोडून वाकळ शिवावी तशी पुन्हा जोडली आहे. बाई त्यांतल्या एक.

"शिकायचंय?" बाईंनी विचारलं.

मी हो म्हणाले. का म्हणाले, कोण जाणे! माझं वय अडतीस, हातात तीन प्रोजेक्ट्सचं प्लॅनिंग, घरी स्वयंपाक. आणि मी हो म्हणाले.

"मग नखं वाढव आणि ये," म्हणाल्या.

गाडीत बसल्यावर लेक म्हणाली, "ममा, शी इज सो वियर्ड." मग जरा वेळानं, "बट नाइस वियर्ड."

बाईंना सुरुवातीला मी मॅडम म्हणायची. त्या चिडायच्या. "मॅडम म्हटलं की मला बँकेत उभं राहिल्यासारखं वाटतं. तुमच्या भाषेत शिकवणारीला काय म्हणतात?" मी सांगितलं, "बाई." त्यांनी तो शब्द तोंडात घोळवून बघितला. "बॉई. बॉई. छान आहे! छोटा आहे." त्या दिवसापासून त्या बाई झाल्या. आमचं सगळं बोलणं इंग्रजीत चालायचं, पण आज आठवताना ते मला मराठीतच ऐकू येतं.

त्यांचा व्हिला म्हणजे एक प्रकरणच होतं. दारातून आत शिरलं की पहिला पाय पाण्याच्या भांड्यात पडायची भीती. खोलीभर वाडगे, पातेली, ओले टॉवेल. एसीनं हवा कोरडी होते आणि लाकूड तडकतं, म्हणून बाईंनी हा बंदोबस्त केलेला. हवेतला दमटपणा मोजायचं यंत्र भिंतीवर, आणि आपण सासूबाईंच्या बीपीकडे बघतो तशा त्या दर थोड्या वेळानं त्याच्याकडे बघायच्या. हार्पला त्या "ती" म्हणत. टॅक्सीत ती मागच्या सीटवर पट्टा लावून बसायची आणि बाई पुढे. एकदा ड्रायव्हरनं विचारलं, "मॅडम, इसको डिकी में रखूँ?" बाईंना हिंदी येत नव्हती, पण डिकी शब्द बरोबर कळला. गाडीतून उतरल्या आणि दुसरी टॅक्सी केली.

नखं वाढेपर्यंत मला एकही तार छेडू दिली नाही. नुसतं ऐकायचं. आणि घरी काय गोंधळ! कणिक मळायची म्हटली की नखांत कणिक. भांडी घासताना नख मोडलं की मी रडकुंडीला यायची. शेवटी नवऱ्यानं कणिक मळायला घेतली. आधी कुरकुरत, मग युट्यूब बघून, मग इतक्या आवडीनं की आता त्याच्या घडीच्या पोळ्या माझ्यापेक्षा मऊ होतात. "तुझ्या बाईंनी तुला काय शिकवलं माहीत नाही," तो म्हणायचा, "मला मात्र पोळ्या शिकवल्या."

पहिला धडा सुरू झाला तेव्हा बाईंनी माझीच ओढणी माझ्या डोळ्यांवर बांधली.

"जुने वादक कितीतरी आंधळे होते," त्या म्हणाल्या. "कागद नव्हता. गुरू वाजवायचा, शिष्य ऐकायचा, तसंच वाजवायचा. चुकलं की पुन्हा. तुला नोटेशन देणार नाही. मागूसुद्धा नकोस."

आता पितळी तारेची गंमत अशी, की एकदा छेडली की ती वाजतच राहते. एक सूर विरायच्या आत दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, आणि सगळ्यांचा मिळून काला होतो. म्हणून छेडण्याइतकंच तार गप्प करणंही शिकावं लागतं. कुठली तार वाजू द्यायची, कुठली बोट टेकवून मिटवायची, यातच सगळी कला. बाईंनी त्यासाठी दोह्यातला शब्द उचलला होता. त्या शेजारी उभ्या राहून ओरडायच्या, "वाजव! वाजव! आता खलास! खालची खलास! अगं, ती अजून बोलतेय, तिला खलास कर!" बाहेरून जाणाऱ्या माणसाला वाटावं, आत खून पडतोय.

घरी येऊन मी नवऱ्याला जेवणाच्या टेबलावर चमच्यानं ताटली वाजवून हे समजावून सांगायची. डोकं दुसऱ्या कशात चालायचंच नाही. ऑफिसच्या मीटिंगमध्ये टेबलाखाली बोटं हलायची. शाळा सुटल्यानंतर इतक्या वर्षांनी मी काहीतरी नवं, अवघड, कुठल्याही उपयोगाचं नसलेलं शिकत होते, आणि इतकी खूश होते की रस्त्यात अनोळखी माणसांकडे बघून हसायची.

एका शुक्रवारी बाईंनी हार्प लावायला शिकवली. मधल्या दोन तारा त्यांनी आधी घेतल्या. दोन्ही अगदी एका सुरात.

"या दोघी बहिणी," बाई म्हणाल्या. "जुने लोक यांना बहिणीच म्हणायचे. आधी या जुळवायच्या. या जुळल्या की बाकीच्या तारा यांच्यावरून लावत जायच्या. एकाच सुराच्या दोन तारा शेजारी शेजारी! जगात असं कुठे बघितलंयस?"

"आमच्या घरी," मी म्हटलं.

"काय?"

"तंबोऱ्याला. मधल्या दोन तारा एकाच सुरात असतात. आम्ही त्यांना जोड म्हणतो."

बाई खुर्चीवरून उठल्या. मी फोनवर तंबोरा लावून दाखवला. त्यांनी तो कानाशी धरला, डोळे मिटले आणि मग अख्ख्या खोलीत गिरक्या घेतल्या! एक वाडगा लवंडला, एक टॉवेल पायात आला, पण बाईंचं लक्ष नव्हतं. "जोड! जोड!" त्या ओरडत होत्या. "तू हे कुणाकडे शिकलीस?"

मी सांगितलं, लहानपणी मिरजेत माईंकडे गाणं शिकत होते. माई त्यांच्या गुरूंकडे शिकल्या, ते त्यांच्या गुरूंकडे.

बाई एकदम थांबल्या. "म्हणजे समोर बसून? तोंडानं? मध्ये कधी तुटलं नाही?"

"नाही."

"आणि त्या माई आहेत अजून?"

"आहेत की."

"मग फोन लाव! आत्ता! यल्ला, चल!"

मी व्हिडिओ कॉल लावला. माई ऐंशीच्या पुढच्या. आधी त्यांना वाटलं, माझ्याकडे काही बरंवाईट झालं. मग त्यांना बाई दिसल्या.

"कोण गं ही? केस विंचरत नाही का?"

"माई, या मला एक वाद्य शिकवतात."

"काय विचारतायत?" बाई.

"तुमच्या तब्येतीची चौकशी करतायत," मी म्हटलं.

मग माईंनी तंबोरा मांडीवर घेतला आणि जोड छेडली. बाईंनी फोनला कान लावून आपल्या बहिणींच्या किल्ल्या फिरवायला सुरुवात केली. फोनमधून आवाज जरा उशिरा पोचायचा, मध्येच तुटायचा. बाई किल्ली फिरवायच्या, थांबायच्या, ऐकायच्या. माई तिकडून, "चढली, चढली, उतरव थोडी. हां, अजून. आता बरोबर!" मी भाषांतर करायचंच विसरले. गरजच पडली नाही. बाईंना कळत होतं. तारा जुळल्या आणि मिरज आणि दोहा एकाच सुरात घुमायला लागली. माई म्हणाल्या, "कान आहे हो बाईला." मी ते सांगितलं, तर बाईंनी फोनसमोर वाकून नमस्कार केला. दोन्ही हात जोडून, डोकं टेबलाला टेकेपर्यंत.

मग माझ्याकडे वळल्या. "तुझ्याकडे न तुटलेली साखळी होती, आणि तू एक्सेल शीट भरतेस?"

"पोट भरायला," मी म्हटलं.

"ते ठीक आहे," बाई म्हणाल्या. "पण माईंना दर शुक्रवारी फोन करायचा." तेव्हापासून आमच्या शिकवणीची सुरुवात माईंच्या फोननंच व्हायची.

कधी कधी बाईंच्या या वेडापायी लोकांची पंचाईत व्हायची. एका बड्या हॉटेलनं त्यांना संध्याकाळच्या चहाला वाजवायला बोलावलं. त्यांनाही परी आणि सोनेरी कमान अपेक्षित असावी. बाई आल्या त्या चालायच्या बुटांत, काखेत काळपट हार्प. मी सोबत होते. एक धून अर्धी झाली आणि बाई थांबल्या, उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कृपा करून चमचे खाली ठेवा. या तारेचा शेवट ऐकण्यासारखा असतो आणि तुम्ही त्याच वेळी साखर ढवळताय." मॅनेजर धावला. पण लोकांनी चमचे ठेवले! अख्ख्या लाउंजमध्ये शांतता. बाईंनी तार छेडली आणि ती विरेपर्यंत कुणी हललं नाही. कोपऱ्यातले एक कतारी आजोबा पुढच्या खुर्चीत येऊन बसले आणि चहा गार होईस्तोवर ऐकत राहिले. बाईंना पुन्हा काही त्या हॉटेलचं बोलावणं आलं नाही. "आजोबांना आवडलं ना? खलास," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात शाळेनं सांगितलं की बाईंचं कॉन्ट्रॅक्ट आता वाढणार नाही. वय झालं. इथं नोकरी संपली की व्हिसा संपतो आणि व्हिसा संपला की घर. मला ऑफिसात फोन करून बाई म्हणाल्या, "आता घाई केली पाहिजे. तुझे तीन रस राहिलेत."

जुन्या काळी खऱ्या वादकाला तीन गोष्टी यायलाच हव्यात अशी समजूत होती. ऐकणाऱ्याला रडवता यावं, हसवता यावं आणि झोपवता यावं. त्या तिन्हींच्या धुना त्यांनी मला एकामागून एक शिकवल्या. सरावासाठी त्यांची दुसरी, लहान हार्प मी घरी नेऊ लागले. "रडवणं सगळ्यात सोपं," बाई म्हणायच्या. "त्यातून हे दोहा. इथं प्रत्येकाचं कुणी ना कुणी लांब आहे. दोन सूर लाव, रडतील." हसवणंही जमलं. जलद धून वाजवताना माझी लेक अशी काही नाचली की सोफ्यावरून पडली. पण झोप! नवऱ्यापुढे वाजवलं, तो घोरायला लागला. मी आनंदानं बाईंना सांगितलं.

"तो टीव्हीवर मॅच चालू असताना झोपतो की नाही?"

"झोपतो."

"मग बाद," बाई म्हणाल्या. "झोपवायला वाजवणाऱ्यानं मधून निघून जावं लागतं. तुझं अजून, बघा मी कशी वाजवते, असं चाललेलं असतं."

आणि जायचा दिवस आला. शुक्रवार, जूनचं ऊन, बाहेर दमट भट्टी. विमान संध्याकाळचं. व्हिल्यात खोकीच खोकी. मोठी हार्प तिच्या पेटीत बंद होऊन दाराशी उभी. मी जिच्यावर शिकत होते ती लहान हार्प बाई मला देऊन जाणार होत्या. त्या एकुलत्या खुर्चीवर बसल्या. तोंड उतरलेलं. गेले कित्येक दिवस त्यांना झोप नव्हती. तशी त्यांना कधीच नसायची.

"झोपेची वाजव," म्हणाल्या. "शेवटचा धडा. मी बोलणार नाही."

मी जमिनीवर बसून वाजवायला घेतलं. मनात एकच, की उद्यापासून या खोलीत यायचं नाही. परीक्षा वगैरे डोक्यातून गेली होती. एक आवर्तन झालं, दुसरं झालं. बोलणार नाही म्हणाल्या तरी बाईंना राहवायचं नाही; एकदाही खलास ऐकू आलं नाही, म्हणून मान वर केली.

बाई झोपल्या होत्या! मान एका बाजूला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, तोंड उघडं.  आनंदानं ओरडावंसं वाटलं, आणि ओरडता येईना. थांबले तर शांततेनं जाग येणार. मी वाजवत राहिले.

तेवढ्यात दार ढकलून सामान न्यायला माणसं आली. चौघं. पुढचा माणूस तोंड उघडणार इतक्यात मी डोळे मोठे केले आणि मानेनं बाईंकडे दाखवलं. तो क्षणभर बघत राहिला. मग त्यानं वाकून बूट काढले. मागच्या तिघांनीही काढले. आणि चौघांनी चवड्यांवर चालत घर रिकामं करायला सुरुवात केली! खोकं उचललं की श्वास रोखून. चिकटपट्टी ओढली की केवढा चरचराट होतो, तर एकानं ती केसाएवढी केसाएवढी सोडवत आणली. त्याच्या कपाळावर घाम, माझ्या कपाळावर घाम. माझ्या तर्जनीचं नख मुळापासून चिरलं. मी बोट बदललं. बाईंचा श्वास संथ चाललेला.

शेवटी पुढचा माणूस माझ्या कानाशी वाकला. बोलण्यावरून मराठवाड्यातला. मी मराठी, हे त्यानं कशावरून ओळखलं देव जाणे.

"ताई, समदं झालं. खुर्ची बी न्यायची हाय की."

मी मान हलवली. नाही.

"बरं. बसतो मग," म्हणाला, आणि चौघंही भिंतीला टेकून खाली बसले. दोन आवर्तनं झाली आणि त्यांच्यातला एक खोक्यावर डोकं टेकून झोपला. दोन झाले! मला हसू आवरेना. ओठ घट्ट दाबून वाजवत होते.

बाहेर ट्रकच्या ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

बाईंनी डोळे उघडले. चष्मा सावरला. रिकाम्या भिंती बघितल्या, बूट काढून बसलेली अनोळखी माणसं बघितली.

"माझं घर कुठे गेलं?" त्या म्हणाल्या.

आणि आम्ही सगळे हसत सुटलो! मी, ती माणसं, आणि बाई तर पोट धरून. हसता हसता त्यांना काय झालं हे कळलं. माझं रक्ताळलेलं बोट दिसलं, खोक्यावर झोपलेला माणूस दिसला. हसणं तसंच चालू आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. माझ्याही.

"तिन्ही," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "एकाच बैठकीत. मला कधी जमलं नाही." मग खुर्चीवरून उठल्या आणि ती त्या माणसाकडे सरकवली. "शुक्रन," अरबीत आभार मानत म्हणाल्या.

बाई गेल्या. शुक्रवारी मी माईंना फोन करून एकटीच वाजवत बसायची. हिवाळ्यात एका शनिवारी सकाळी बाईंचा कॉल आला. त्यांच्या डाव्या अंगठ्याचं ऑपरेशन झालं होतं, हात बँडेजमध्ये. शेजारी हार्प डाव्या खांद्याला रेलून धरलेली एक लालसर केसांची, अकरा-बारा वर्षांची मुलगी. बाईंच्या गावातली. शिकायला आली होती.

"मला वाजवून दाखवता येत नाही," बाई म्हणाल्या, "आणि कागद मी देत नाही. तू दाखव."

"मी?"

"मग कोण? रडवायची धून. पहिली ओळ."

मुलीनं माझ्याकडे निरखून बघितलं, मग बाईंकडे. "ही धून आपल्याकडचीच ना?"

"आपल्याच खोऱ्यातली," बाई म्हणाल्या.

"मग यांना कशी येते?"

"शिकली म्हणून," बाई म्हणाल्या. "ऐक आता."

मी हार्प ओढून डाव्या खांद्याला टेकवली. मी ओळ वाजवली. तिनं मान खाली घातली, दोनदा चुकली, मी पुन्हा वाजवली. तिसऱ्या वेळी तिनं डोळे मिटले, आणि फोनमधून, जरा उशिरानं, ती ओळ अख्खी, स्वच्छ, आयर्लंडमधून माझ्याकडे आली.

मी बाईंकडे बघितलं. बाई शेवटची तार विरेपर्यंत ऐकत राहिल्या.

"पुढची दे तिला," त्या म्हणाल्या.